पाळणाघरात मूल पुन्हा चड्डी ओली करू लागलं, तर

महिनोन्‌महिने कोरडं राहिलेलं, शू आली की सांगणारं मूल पाळणाघरात रोज चड्डी ओली करू लागलं, की लोक मुलाच्याच मागे लागतात. आधी पाळणाघरात काय चाललंय ते बघा. मी पंधरा वर्षं पाळणाघर चालवते आहे. त्याआधी माझीच मुलगी मी चुकीच्या बाईंकडे ठेवली होती, म्हणून हे सांगते.

डॉक्टरांकडे जा

लघवी तपासून घ्या. सतत तहान, सारखी लघवी आणि उतरणारं वजन असेल तर त्याच दिवशी रक्तातली साखरही बघा. रात्री अंथरूण ओलं होणं हा वेगळा विषय आहे. पाच वर्षांपर्यंत त्याची चिंता नको.

न सांगता जा

रोजच्या वेळेच्या तासभर आधी पोचा. संडासाची कडी मुलाच्या हाताला येते का, आत दिवा लागतो का, बघा. मग सांभाळणाऱ्या ताईंना एकच विचारा, "कपडे ओले झाले की तुम्ही काय करता?" चांगली बाई सरळ सांगते: मोरीवर नेते, धुते, कोरडी चड्डी घालते. उत्तराची सुरुवातच "मुद्दाम करते हो ती" अशी झाली, तर सावध व्हा.

मला हे विचारायचं सुचलं नव्हतं. रोज संध्याकाळी गाठ मारलेल्या पिशवीत ओली चड्डी हातात यायची आणि दारातच "आज पण!" ऐकायला मिळायचं. मी घरी येऊन लेकीलाच समजावत बसायचे. एका रविवारी तिने आपली बाहुली मोरीत भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि म्हणाली, "वास गेला की बाहेर ये." तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती.

ठेवायचं की काढायचं

चार मुलांच्या गडबडीत विसरणारी मावशी सुधारते. जेवण झालं, झोपून उठलं, की न विचारता नेऊन बसवा, एवढं तिला सांगा. आणि आपण जीन्स, बटणं, पट्टे बंद करून इलॅस्टिकची चड्डी घाला. पण चारचौघांत लाज काढणारी, मोरीत उभं करणारी, ओलं होऊ नये म्हणून पाणीच न देणारी बाई समजावून बदलत नाही. मूल त्याच दिवशी काढा. भरलेल्या महिन्याचे पैसे बुडाले तर बुडू द्या. अंगावर वळ दिसले, शू-शीच्या जागी दुखतं म्हणालं किंवा एखाद्या माणसाचं नाव काढताच मूल घाबरलं, तर तडक डॉक्टरांकडे जा आणि मुलांसाठीच्या मदतवाहिनीला, १०९८ ला, फोन करा.

नवी सोय शोधताना आपल्या कचेरीतही विचारा. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणं मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे.

शी अडवणं

मुलीला तिथून काढली की सगळं थांबेल, असं मला वाटलं होतं. शू आठवड्यात ताळ्यावर आली. शी मात्र ती अडवू लागली. पडद्यामागे जायची, टाचा उचलून, पाय आवळून, लालबुंद होऊन उभी राहायची. मला वाटायचं, जोर करतेय. ती शी आत ओढून धरत होती.

याचं पुढे चक्र होतं. अडवलेली शी आतच सुकून कडक होते, बाहेर येताना दुखते, दुखलं म्हणून मूल पुढची अडवतं. साठलेला गोळा मूत्राशयावर दाबतो, म्हणून शूही पुन्हा सुटते. सर्वांत फसवं म्हणजे त्या गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते आणि चड्डीला लागते. मुलाला ती कळतच नाही. आपण मात्र जुलाब समजून उलटे उपाय करतो. मीही तेच केलं, डाळिंबाचा रस आणि दहीभात देत राहिले, आणि दोन आठवडे वाया घालवले.

केळी आणि पपईने हा गोळा निघत नाही. डॉक्टरांकडून शी मऊ करणारं औषध घ्या आणि ते म्हणतील तितके दिवस द्या. अनेकदा काही महिने लागतात. चार दिवस साफ झाली म्हणून औषध बंद करणारे आईबाप मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी ती मुलं पुन्हा तिथेच येतात. "सवय लागेल" हे ऐकून डोस कमी करू नका. घरच्या घरी साबणाची वडी किंवा एनिमा तर मुळीच नको; आधीच घाबरलेल्या मुलाची भीती त्याने दुप्पट होते.

बसवायचं जेवणानंतर वीसेक मिनिटांनी, कारण पोटात अन्न पडलं की आतडं आपोआप हलतं. पाचच मिनिटं. कमोडवर लहान सीट लावा आणि पायांखाली पाट द्या. पाय लोंबकळत असले तर मुलाला जोर लावता येत नाही. हातात पिपाणी किंवा साबणाचे फुगे द्या, फुंकताना पोट आपोआप आवळतं. शाबासकी बसल्याबद्दल द्या, शी झाल्याबद्दल नको. झाली नाही तर "चल, खेळ" म्हणून उठवा. चड्डीत झाली तर तोंड वाकडं न करता धुवा. डायपरमध्येच करायची असेल तर काही दिवस तसंही करू द्या, पण संडासात उभं राहून. अडवण्यापेक्षा ते कधीही बरं.

नव्या ठिकाणी

पहिल्या दिवशी मुलाला संडास दाखवा, पाट तिथेही ठेवा, तीन चड्ड्या द्या. आणि नव्या ताईंना मुलाच्या समोरच सांगा, "हिची चड्डी खराब झाली तर फक्त धुवा, बोलू नका." हे वाक्य मुलाने ऐकायला हवं.