सुरक्षा ऑटोमेशन सर्व्हरमधील पाथ ट्रॅव्हर्सल कसा हाताळावा

फिशिंगची तक्रार आली की अटॅचमेंट वेगळी काढणे, संशयित आयपी फायरवॉलवर अडवणे आणि वापरकर्त्याचे खाते गोठवणे ही कामे सुरक्षा ऑटोमेशनचे प्लेबुक (आधीच लिहून ठेवलेला कृतिक्रम) परस्पर पार पाडते, आणि त्यासाठी लागणारे फायरवॉल, मेल व ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे (वापरकर्त्यांच्या खात्यांच्या यंत्रणेचे) पासवर्ड त्या एकाच सर्व्हरवर साठवलेले असतात. म्हणून या सॉफ्टवेअरमध्ये पाथ ट्रॅव्हर्सल, म्हणजे ठरलेल्या फोल्डरबाहेरच्या फाइलपर्यंत पोहोचू देणारा दोष, सापडल्याची सूचना आली, तर ‘केवळ फाइल वाचता येते’ एवढ्यावरून ती मागे ठेवू नये. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या एखाद्या देखरेख केंद्रातून अनेक ग्राहकांचे नेटवर्क सांभाळले जात असेल, तर धोका त्या सर्वांनाच असतो.

दोषाचे मूळ साधे आहे. बाहेरून आलेले फाइलचे नाव प्रोग्राम ठरलेल्या फोल्डरच्या मार्गाला तसेच जोडतो, आणि नावातल्या प्रत्येक ../ मुळे मार्ग एक पायरी वर सरकतो.

सर्वप्रथम या सर्व्हरचा कन्सोल (नियंत्रणाचे वेबपान) इंटरनेटवरून बंद करून केवळ व्हीपीएनमधून उघडेल असा करावा. अपडेटपूर्वी वेब सर्व्हरचे लॉग दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यावेत. त्यांत नुसते ../ शोधून भागत नाही, कारण टिंब आणि तिरकी रेघ टक्केचिन्हाच्या संकेतात (जसे %2e आणि %2f), कधी दुहेरी संकेतातही, लिहिलेली असते. नोंदी दोनदा डीकोड कराव्यात आणि ज्यांना २०० हे (विनंती यशस्वी झाल्याचे) उत्तर गेले त्या विनंत्या आधी पाहाव्यात. घुसखोरी दिसल्यास सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ती ६ तासांत कळवावी लागते.

अपडेट बसवल्यावरही उत्पादकाच्या सूचनांवर लक्ष ठेवावे. अपाची वेब सर्व्हरच्या २.४.४९ आवृत्तीतल्या अशाच दोषावर ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली २.४.५० ही दुरुस्ती अपुरी ठरली आणि काही दिवसांतच २.४.५१ काढावी लागली.

टाळाटाळ होते ती पासवर्ड आणि एपीआय की (एका प्रणालीने दुसरीत शिरण्यासाठी वापरायचे गुप्त संकेत) बदलण्यात. साठवण एनक्रिप्टेड असली तरी ती उघडणारी की त्याच यंत्रावरच्या फाइलमध्ये असेल, तर दोन्ही एकदमच चोरीला जाऊ शकतात. त्यामुळे फाइल वाचल्याचा पुरावा नसला तरी पासवर्ड आणि की बदलाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या टीमने लिहिलेल्या पायथन स्क्रिप्टही तपासाव्यात. मार्ग जोडणाऱ्या फंक्शनला मुळापासूनचा पूर्ण मार्ग दिला, तर ते आधीचा फोल्डर सरळ सोडून देते. नावातून ../ पुसून टाकणे हा उपाय फसवा आहे, कारण ....// मधून ते एकदा वगळले की मागे पुन्हा ../ च उरते. त्याऐवजी सिमलिंकसह (दुसऱ्या फाइल वा फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्यांसह) संपूर्ण मार्ग उलगडून तो ठरलेल्या फोल्डरच्या आतच आहे का, हे पाहावे. तुलना मात्र मार्गाच्या सुरुवातीच्या नुसत्या अक्षरांची करू नये, नाहीतर ‘केस-जुने’ हा फोल्डरही ‘केस’मध्येच धरला जातो. झिप किंवा टार उघडताना आतल्या प्रत्येक नावाला हीच कसोटी लावावी.

शेवटी चाचणी-सर्व्हरवर फोल्डरबाहेर एक निरुपद्रवी फाइल ठेवून ती वरील सर्व प्रकारांनी मागून पाहावी, आणि प्रत्येक वेळी नकार मिळाला तरच स्क्रिप्ट प्रत्यक्ष प्लेबुकला जोडावी.