वापरलेली डिझेल गाडी बघायला जाताना: इंजिन थंडच हवं

आदल्या रात्री विकणाऱ्याला फोन करा आणि एवढंच सांगा: "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." बाकी काही राहिलं तर निभावता येतं. टॉर्च राहिली तर मोबाइल आहे, फडकं राहिलं तर रुमाल काळा होईल. पण तुम्ही पोचायच्या आत त्याने गाडी वीस मिनिटं फिरवून, पुसून दारात उभी करून ठेवली, तर पुढचा अर्धा तपास फुकट. मागच्या खेपेला माझा हाच फोन राहिला. गरम इंजिनाचा गुळगुळीत आवाज ऐकून मी विसार दिला आणि गाडी घरी आल्यावर सकाळी पहिला सेल्फ मारला तेव्हा इंजिनातल्या टायमिंग चेनचा खडखडाट ऐकत उभा राहिलो. म्हणून ही यादी.

यादी 1.3 मल्टिजेटवाल्या गाड्यांसाठी आहे. कुठल्याही छोट्या टर्बो-डिझेलला बरीचशी लागू पडेल, पण आपल्याकडे बाजारात सगळ्यात जास्त दिसणारं इंजिन हेच. मूळ फियाटचं. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट. आत तेच 1248 सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. फियाट-टाटांचं आपल्या रांजणगावात बनायचं, मारुतीचं मानेसरला. एप्रिल 2020 मध्ये धुराचे नवे नियम, बीएस 6, आले आणि मारुतीने डिझेल गाड्या विकणंच बंद केलं. म्हणजे आता जे काही आहे ते वापरलेलंच, आणि त्यातलं बरंच दोन-तीन हातांतून गेलेलं.

निघण्याआधी घरीच ठरवा की गाडीत कुठलं रूप आहे. स्विफ्ट, रिट्झ, डिझायर, व्हिस्टा यांत बहुतेक 75 पीएस ताकद आणि 190 एनएम टॉर्क, म्हणजे ओढ. एसएक्स 4, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा, मान्झा यांत 90 पीएस आणि 200 एनएम. फरक टर्बोत आहे, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यात. 90 वाल्यात व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो असतो, म्हणजे आतली पाती हलतात. काजळी धरली की ती अडकतात आणि काम खर्चाचं होतं. 75 चा टर्बो साधा, त्याला कमी नखरे. दोन्हींत एक गोष्ट सारखी: दोन हजार आरपीएमच्या खाली इंजिन पेंगतं, वर गेलं की एकदम ओढतं. हा दोष नाही, स्वभाव आहे. पण खराब टर्बो खपवायलाही हेच वाक्य वापरतात, "टर्बो लॅग आहे हो त्याला." लॅग असेल तर दोन हजारांनंतर ओढ आलीच पाहिजे. नाही आली, तर तो लॅग नव्हे.

सोबत काय न्यायचं? टॉर्च, फडकं, गाडीखाली डोकवायला पुठ्ठा. जमलं तर ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा. जुन्या मॉडेलांत तो नेहमी बोलत नाही, पण बोलला तर फार कामाचा. आणि एक माणूस. चेष्टा नाही, ड्रायव्हरच्या सीटवर बसून सायलेन्सरचा धूर दिसत नाही. मागे उभं राहणारं कुणीतरी हवंच, आणि ते विकणाऱ्याचं नको. वेळ सकाळचीच घ्या. पाऊस पडत असेल तर जाऊच नका, ओल्या जमिनीवर गळती कळत नाही.

पोचल्यावर रंग, टायर, स्क्रीन काही बघू नका. आधी इंजिन थंड आहे का ते बघा. नुसता बोनेटवर हात ठेवून कळत नाही, उन्हात उभी असेल तर तो तापतोच. बोनेट उघडून रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या जाड रबरी पाइपला बोट लावा. मग सायलेन्सरच्या तोंडाशी आतल्या बाजूने बोट न्या, जपून. स्कॅनर असेल तर इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवून दोन आकडे वाचा: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे असतात. कूलंट पंधरा-वीस अंशांनी वर दिसलं तर गाडी फिरून आलेली आहे, मालक काहीही सांगो. "आत्ताच पार्किंगमधून काढली" यावर विश्वास ठेवायचा नाही. पार्किंगमधून काढल्याने पाइप भाजण्याइतका तापत नाही. भांडू नका. उद्या सकाळी येतो म्हणा आणि निघा. खरंच निघा. इतक्या लांब आलोय तर बघूनच जाऊ, इथेच माणूस फसतो.

इंजिन बंद असतानाच ऑइलची पट्टी काढा. ऑइल काळं असणारच, डिझेलमध्ये बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, त्यावरून काही ठरवू नका. बघायचं ते हे: पातळी वरच्या खुणेच्याही वर आहे का? ऑइल पातळ होऊन त्याला डिझेलचा वास येतो का? तसं असेल तर डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी मिसळतंय, मग पुढे बघायचीही गरज नाही. कूलंटच्या डब्यात रंगीत कूलंट हवं, गंजकं पाणी नको. इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा नोझल, त्याच्या बुडाशी टॉर्च मारा. तिथे डांबरासारखा काळा थर जमला असेल तर सील गळतंय आणि तो इंजेक्टर काढताना मेकॅनिक रडणार. टर्बोच्या पाइपांवर तेलाचा हलका हात फिरलेला असेल तर चालतं, ओघळ नको. आणि अख्खं इंजिन लख्ख धुतलेलं असेल तर का धुतलं ते विचारा.

आता बिलं मागा. ऑइल बदलल्याची बिलं. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. आठ-दहा वर्षांच्या, वेगवेगळ्या गॅरेजच्या, डाग पडलेल्या बिलांचा गठ्ठा बनवणं अवघड. व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला या इंजिनात बेल्ट नाही, टायमिंग चेन आहे. "चेन आहे, आयुष्यभर बघायला नको" हे तुम्हाला हमखास ऐकवतील. त्यात अर्धंच खरं आहे. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्याच दाबावर चालतो. चेंबरमध्ये ऑइल जेमतेम तीन लिटरच्या आसपास, त्यात डिझेलची काजळी. दहा हजार किलोमीटरला बदलायचं ते वीस हजारांना बदललं की चेनच्या कड्या झिजतात, चेन सैल पडते, टेन्शनरला ती आवरत नाही. टर्बोचा दांडाही त्याच ऑइलवर फिरतो. म्हणजे ऑइलची हेळसांड झालेल्या गाडीत दोन मोठे खर्च एकदम दबा धरून असतात, आणि इंजिन गरम असताना त्यातला चेनचा खर्च ऐकू येत नाही. गरम झालं, ऑइल सगळीकडे पोचलं, टेन्शनरला दाब मिळाला की चेन गप्प बसते. थंड इंजिन, थंड इंजिन म्हणून मी ओरडतोय ते यासाठी.

आता सेल्फ. एसी बंद, गाणी बंद, काच खाली. तुमचा माणूस मागे. किल्ली अर्धी फिरवून, थंड सिलिंडर तापवणाऱ्या हीटर प्लगचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा, मग मारा. मालकाला मारू देऊ नका. तो सवयीने ॲक्सिलरेटर दाबेल आणि जे ऐकायचं तेच बुडेल. पहिले पाच सेकंद कान गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाकडे, चेन तिथे असते. सेकंदभर खर्र होऊन थांबलं तर ठीक. पत्र्याच्या डब्यात साखळी हलवल्यासारखा आवाज चालूच राहिला, किंवा थोडी रेस देऊन सोडताना परत आला, तर चेन गेलीये. डिझेलची नेहमीची टकटक वेगळी, ती एका लयीत असते.

सेल्फ लांबला आणि मग इंजिन तीन पायांवर धडधडत उभं राहिलं, तर इंजेक्टर किंवा हीटर प्लग. आपल्या हवेत हीटर प्लग मेले तरी गाडी उन्हाळ्यात सुरू होते, म्हणून मालकालाही पत्ता नसतो. मागच्या माणसाला धुराचा रंग विचारा. सुरुवातीला किंचित पांढरा निघून गेला तर सोडून द्या. पांढरा टिकला आणि डोळ्यांना झोंबला तर न जळलेलं डिझेल. पांढराच पण गोडसर वासाचा असेल तर कूलंट. निळा म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोच्या सीलमधून किंवा पिस्टनच्या रिंगांमधून. काळा धूर रेस दिल्यावर भकाभक येत असेल तर हवा कमी पडतेय: तुंबलेला ईजीआर (जळलेली हवा थोडी परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), फुटका पाइप, नाहीतर इंजेक्टर. ईजीआर या गाड्यांत तुंबतोच, साफ करता येतो, त्यावरून भाव पाडा. डीपीएफची, म्हणजे सायलेन्सरमधल्या काजळी पकडणाऱ्या फिल्टरची, भानगड इथल्या बीएस 4 पर्यंतच्या गाड्यांत सहसा नसते, ती एक कटकट कमी.

हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत घडतं आणि परत घडत नाही. इंजिन एकदा तापलं की ते यातलं तुम्हाला काही सांगत नाही. पुन्हा बघायचं असेल तर दुसरी सकाळ उजाडावी लागते.

तापल्यावर बॅक कॉम्प्रेशन बघा: इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. थोडी वाफ डिझेलमध्ये असतेच. झाकण थडथड उडालं आणि धुराचे झोत यायला लागले तर रिंगा झिजल्यात.

मग चालवा. तिसऱ्या गिअरला हळू वेगात पूर्ण दाबा. आरपीएम चढतो पण गाडी ओढत नाही, तर क्लच प्लेट. दोन हजारांनंतर ओढ हवी. टर्बोची शिट्टी बारीक चालते, सायरन चालत नाही. तापमानाचा काटा मधेच थांबायला हवा, चढतच राहायला नको. बंद करण्याआधी मिनिटभर आयडलला ठेवा, टर्बोला गार व्हायला. स्कॅनरवर एरर कोड बघा, शिवाय कोड पुसल्यानंतर किती किलोमीटर झाले तो आकडा. तो फारच कमी असेल तर कालच पुसलेत.

कागदपत्रं: आरसी, विमा, पीयूसी, थकलेली चलनं. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या तुमच्यासमोर. दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसी आणि इथला टॅक्स. दिल्लीकडून दहा वर्षांच्या डिझेल स्वस्तात येतात, कारण तिथे त्याहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली गेली. पंधरा वर्षं भरत आली असतील तर पुन्हा नोंदणीचं बघा. चेसिस नंबर आरसीशी जुळवा. दुसरी किल्ली मागा. "संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय" असं म्हणाले तर येऊ दे.