मिनिकॉयला उतरताना उडी मारू नका

अंबाझरीत पायडलची बोट चालवली होती, एवढाच माझा पाण्याचा अनुभव. त्यामुळे फेब्रुवारीत लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटासमोर जहाजाचं बाजूचं दार उघडलं आणि खाली हेलकावणारी होडी दिसली, तेव्हा तोंडातून 'अगं बाई'सुद्धा निघालं नाही. आता भिशीतल्या चौघीजणी लक्षद्वीपला जायचं म्हणताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

नागपूरहून केरळ एक्सप्रेसने एर्नाकुलम गाठा, पण जहाजाच्या एक दिवस आधी. गाडी उशिरा आली म्हणून जहाज थांबत नाही बाप्पा. आपण भारतीय असलो तरी लक्षद्वीपला परवाना लागतोच. अर्जातलं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. माझं एका कागदावर माहेरचं आडनाव होतं नि दुसऱ्यावर सासरचं, ते निस्तरण्यात दोन दिवस गेले. पावसाळ्यात जाऊ नका. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, मळमळायला लागल्यावर नाही.

आता उतरण्याचं. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे आणि आतलं पाणी उथळ, म्हणून आमचं जहाज बाहेर खोलात उभं राहिलं. होडी लाटेबरोबर वर येते, खाली जाते. वर आली की क्षणभर दाराच्या पातळीला टेकते, पाऊल तेव्हाच टाकायचं. मी घाईत उडी मारली, होडी खाली गेलेली, गुडघा फळीवर आपटला. खलाशी पंजा धरत नाहीत, दंड पकडतात. लाजू नका, पकडू द्या. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून सामान पाठीवरच्या पिशवीत. साडी नको, आणि ओढणी जहाजावरच ठेवा.

काठावर पोचल्याबरोबर शेवटची होडी किती वाजताची ते विचारा आणि दिवस तिथून उलटा मोजा. दीपगृह कधी उघडं असतं ते वाटाड्याकडून कळेल. ते १८८५ सालचं आहे, इंग्रजांनी बांधलेलं. दम लागेल, पण वर गेल्यावर अख्खं बेट चंद्रकोरीसारखं दिसतं. टोपी घ्या, पाणी घ्या. आपल्याकडे मे महिन्यात घाम वाळून तरी जातो, तिथे तो अंगालाच चिकटून राहतो.

गावाला तिथे 'अवा' म्हणतात. भाषा महल, मालदीवच्या दिवेहीची सख्खी, उजवीकडून डावीकडे लिहितात. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, अंगभर कपडे घाला. एका अंगणात 'मास' बघितला: टूना उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवलेला, लाकडासारखा कडक. तो किसून ओल्या खोबऱ्यात कालवतात. मी शाकाहारी, पण आमच्या ह्यांनी दोनदा मागून घेतला आणि पुढे दिवसभर त्यांच्या बोटांना तो वास होता.

वाळूतलं पांढरं प्रवाळ 'देवघरात ठेवीन' म्हणून उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

परतताना तोच खलाशी दाराशी होता. होडी वर येईपर्यंत थांबले, त्याने दंड धरला, पाऊल टाकलं. संत्रा बर्फीचा डबा तेवढा होडीत राहिला.