सी भाषेत कोणत्याही प्रकाराच्या माहितीसाठी चालणारं हॅश टेबल कसं लिहावं

माझ्या मामांचा सावद्याला केळीचा व्यवहार आहे. हंगामात काटापावत्यांची चवड साचते. पावती वाचायची आणि माल ज्या शहराला गेला त्याच्या नावापुढे क्विंटल मिळवत जायचे, एवढंच काम. पायथनमध्ये यासाठी डिक्शनरी, म्हणजे हॅश टेबलच, आयती मिळते. सी भाषेत ती आपणच बांधायची. मात्र आज शहरापुढे वजन आणि उद्या खातेक्रमांकापुढे नाव ठेवायचं असेल, तर दरवेळी नवं टेबल लिहिणं परवडत नाही. एकदाच असं लिहायचं की कुठलीही किल्ली (जिच्यावरून शोधायचं, जसं शहर) आणि कुठलंही मूल्य (तिच्यापुढे ठेवायचं, जसं वजन) त्यात बसेल.

यासाठी एक गोष्ट मनाशी पक्की धरा: टेबलाला प्रकार कळत नाहीत, बाइट कळतात. म्हणून स्ट्रक्टमध्ये किल्लीचा आकार, मूल्याचा आकार, क्षमता (एकूण घरं; घर म्हणजे एका नोंदीची जागा), भरलेल्या आणि पुसलेल्या घरांची संख्या, आणि दोन फंक्शन पॉइंटर ठेवा. एक फंक्शन किल्लीचा हॅश, म्हणजे तिच्या बाइटांपासून बनणारा आणि तिचं घर ठरवणारा आकडा, काढतं, दुसरं दोन किल्ल्या सारख्या आहेत का ते सांगतं. दोघांनाही किल्लीचा पत्ता व्हॉइड पॉइंटर, म्हणजे प्रकार न सांगणारा पत्ता, म्हणून मिळतो.

जागा घेताना किल्ली आणि मूल्य एकाच पट्टीत चिकटवून ठेवायचा मोह होतो. तो टाळा, कारण मग प्रत्येक मूल्याचं अलाइनमेंट, म्हणजे त्याच्या प्रकाराला चालेल अशाच पत्त्यावर ते बसवणं, स्वतः सांभाळावं लागतं. त्यापेक्षा तीन वेगळे ॲरे घ्या: घरांची स्थिती, किल्ल्या, मूल्यं. मॅलॉकने दिलेली जागा कोणत्याही नेहमीच्या प्रकाराला चालेल अशीच असते. स्थितीचा ॲरे कॅलॉकने घ्या, तो जागा शून्यांनी भरून देतो, आणि शून्य म्हणजे ‘रिकामं’ ठरवा.

हॅशसाठी एफएनव्ही-१ए ही छोटी पद्धत पुरेशी चांगली आहे आणि तोंडपाठ होतो. 32 बिटांसाठी सुरुवात 2166136261 ने करायची. मग प्रत्येक बाइट आधी एक्सऑर करायचा, नंतर 16777619 ने गुणायचं. क्रम उलटा केला तर तो जुना एफएनव्ही-१ होतो. बाइट अनसाइन्ड कॅर म्हणूनच वाचा. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचा प्रत्येक बाइट 127 च्या वरचा असतो. साधा कॅर काही मशीनवर तो ऋण धरतो आणि मग दोन मशीनवर हॅश वेगळे येतात.

क्षमता दोनाच्या घातात ठेवा, 16 पासून सुरू करा. मग घर शोधायला भागाकार लागत नाही. हॅश आणि क्षमता वजा एक यांचा बिटवार अँड घेतला की झालं. त्या घरात दुसरीच किल्ली बसलेली असेल तर पुढचं घर बघा, शेवटी पोचलात की पुन्हा शून्यावर या. आपली किल्ली सापडेपर्यंत किंवा रिकामं घर लागेपर्यंत चालत राहायचं.

म्हणूनच किल्ली काढताना ते घर सरळ ‘रिकामं’ करू नका. तिच्यामुळे पुढे सरकलेली किल्ली शोधताना वाट तिथेच तुटेल आणि असलेली नोंद ‘नाही’ म्हणून परत येईल. त्या घराला ‘पुसलेलं’ अशी तिसरी खूण द्या.

घालण्याआधी हिशेब करा: भरलेली, पुसलेली आणि नवं एक, यांची दहापट क्षमतेच्या सातपटीहून जास्त होते का? 16 घरांच्या टेबलात बाराव्या नोंदीला ती होते. तेव्हा क्षमता दुप्पट करा आणि भरलेली प्रत्येक किल्ली नव्या मास्कने, म्हणजे नवी क्षमता वजा एकने, पुन्हा बसवा. जुने क्रमांक जसेच्या तसे उचलू नका. या फेरीत पुसलेली घरं आपोआप गळून पडतात. मूल्याचा पत्ता बाहेर कुणी जपून ठेवला असेल तर वाढीनंतर तो निकामी होतो, हे वापरणाऱ्याला ठळक सांगा.

आता किल्ल्यांकडे या, कारण माझा सगळा वेळ तिथेच गेला. एक बाइटचा तालुका आणि चार बाइटांचा खातेक्रमांक असा स्ट्रक्ट बहुतेक कंपायलरांत आठ बाइटांचा होतो. मधल्या तीन बाइटांत कचरा असू शकतो. अख्ख्या स्ट्रक्टचा हॅश काढला की एकच शेतकरी दोनदा उमटतो. त्यासाठी हॅश आणि तुलना एकेका फील्डची करा.

किल्ली म्हणून मजकुराचा पॉइंटर असेल तर फंक्शनला पॉइंटरचा पत्ता मिळतो. एक पायरी उलगडून खऱ्या अक्षरांपर्यंत जा आणि तुलनेला स्ट्रसीएमपी हे मजकूर ताडणारं फंक्शन वापरा. शिवाय फाइलची प्रत्येक ओळ एकाच बफरमध्ये वाचत असाल, तर घालण्याआधी नावाची वेगळी प्रत करा. नाहीतर सगळ्या किल्ल्या शेवटच्या शहराचं नाव दाखवतात. त्या प्रती टेबल मोडताना मोकळ्या करायच्या, ॲरे फ्री करण्याआधी.

इतकं करूनही मामांनी यादी बघून विचारलं, “भाचे, बऱ्हाणपूर दोन झाले का?” पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब तीच. मी बाइट मोजले: एक 27, दुसरं 30. एका मुनिमाच्या कीबोर्डवरून ‘ऱ’ हे एक अक्षर आलं होतं, दुसऱ्याच्या कीबोर्डवरून र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (झीरो-विड्थ जॉइनर). एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं असेल तर ते एकसारखं करणाऱ्या युनिकोडच्या नेहमीच्या एनएफसी नियमाने हा फरक मिटत नाही. हॅश फंक्शन बदलून उपयोग नव्हता. नाव टेबलात जाण्याआधीच र-हलन्त-जोडक दिसला की त्याच्या जागी ऱ-हलन्त घालणारं छोटं फंक्शन लिहिलं. र-नुक्ता (र आणि त्याखालचा टिंब वेगळे) आला तर तिथेही ‘ऱ’. त्यानंतर बऱ्हाणपूर एकाच घरात बसलं आणि वजनाची बेरीज पावत्यांशी जुळली.