नौपाड्याचा पिनकोड फोडताना या चुका टाळा

शिष्यवृत्तीच्या तयारीला येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी आमच्या नौपाड्याचा पिनकोड देते : ४००६०२. याचे मूळ अवयव पाडा, एवढंच सांगते. अर्ध्या तासात नेहमीच्या सगळ्या चुका वहीत उतरलेल्या असतात.

शून्य गाळण्याची चूक पहिली. ११ च्या कसोटीत एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या; त्यांचा फरक ० किंवा ११ च्या पटीत आला तरच भाग जातो. ती लावताना शून्य म्हणजे काहीच नाही असं समजून मुलं फक्त ४, ६, २ घेतात. ४ + २ − ६ = ०, म्हणजे भाग जातो! पण शून्याने जागा धरलेली असते. एकक, शतक, दशहजार या स्थानांची बेरीज ८, उरलेल्यांची ४. फरक ४, म्हणून भाग जात नाही. ठाण्यात शाळा शिकलेले गणितज्ञ कापरेकर यांच्या ६१७४ च्या खेळातही मुलं इथेच अडकतात. त्यात चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच; शेवटी ६१७४ येते. १११२ घ्या : २१११ − १११२ = ०९९९. पुढचं शून्य सोडलं तर ९९९ − ९९९ = ०, खेळ संपला. शून्य ठेवलं तर ८९९१, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४.

अंकांची बेरीज १२ आली म्हणून १२ ने भाग जातो, असंही काही जण लिहितात. बेरजेची कसोटी ३ आणि ९ यांचीच आहे. इथे ३ ने जातो, ९ ने नाही.

आता खरी अडचण. २ आणि ३ ने भागल्यावर उरतात ६६७६७. मुलं ५, ७, ११, १३ करत चाळीस-पन्नासपर्यंत जातात, कंटाळतात आणि 'मूळ संख्या' लिहून मोकळी होतात. मला ही घाई सर्वात जास्त खटकते, कारण इथे उत्तर संख्येने नाही, थकव्याने ठरवलेलं असतं. कुठवर जायचं हे वर्गमूळ सांगतं : २५८ चा वर्ग ६६५६४, २५९ चा ६७०८१. म्हणून २५७ पर्यंतच्या ५५ मूळ संख्या तपासल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. एकेचाळिसावी मूळ संख्या १७९, आणि तिथे भाग जातो : १७९ × ३७३. काही जण उलट सुरुवातीच्या ४००६०२ चंच वर्गमूळ धरून ६३२ पर्यंत चालत राहतात. प्रत्येक भागाकारानंतर मर्यादा नव्याने काढा, निम्म्याहून जास्त मेहनत वाचते.

४००६०२ = २ × ३ × १७९ × ३७३. विभाजक मोजताना १ आणि स्वतः ती संख्या विसरू नका. एकूण १६ होतात.

पडताळा नऊचा, म्हणजे अंकांच्या बेरजेवरून घेतात, तो पुरत नाही. ६६७६७ च्या जागी चुकून ६७६६७ लिहिलं तरी अंकांची बेरीज ३२ च राहते. ११ ने भागून पाहा : पहिल्यात बाकी ८, दुसऱ्यात ६. १७९ ची बाकी ३, ३७३ ची १०; गुणाकार ३०, त्याची बाकी ८, म्हणजे ६६७६७ च बरोबर.