साइजचा घोळ: रेडीमेड कपडे मापात कसे घ्यावेत

दुकानात ‘चाळीसचा शर्ट दाखवा’ म्हणणाऱ्याला आपण नेमकं काय मागतोय हे बहुधा माहीत नसतं. फॉर्मल शर्टाच्या कॉलरवर ३९, ४०, ४२ असे जे आकडे असतात, ते बऱ्याच ब्रँडमध्ये गळ्याचं माप असतं, आणि तेही सेंटिमीटरमध्ये. शेजारच्या रॅकवरच्या कॅज्युअल शर्टावरचा ४० म्हणजे छाती, इंचात. कुर्त्यावरचा ४० कधी अंगाच्या छातीचा असतो, तर कधी शिवून तयार झालेल्या कुर्त्याच्या छातीचा. मध्यम बांध्याच्या माणसाच्या गळ्याचे सेंटिमीटर आणि छातीचे इंच योगायोगाने जवळपास येतात, म्हणून हा घोळ खपून जातो. मान बारीक आणि छाती रुंद असली की बटणं ताणतात, आणि माणूस घरी येऊन भात सोडतो.

बायकांच्या कपड्यांत तर बरेचदा आकडाही नसतो, नुसती अक्षरं. एका ब्रँडची एम कुर्ती घोळदार, दुसऱ्याची एल मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, रुतते.

कारणं साधी आहेत. प्रत्येक ब्रँड एका मधल्या मापाचा नमुना बनवतो आणि त्यावरून लहान-मोठी मापं काढतो. तो मधला नमुना कॉलेजातल्या मुलीच्या अंगाचा घ्यायचा की चाळिशीतल्या बाईच्या, हे ब्रँड आपलं गिऱ्हाईक बघून ठरवतो. पुढे कारखान्यात कापडाचे कित्येक थर एकावर एक रचून एकदम कापतात, त्यात वरचा आणि खालचा तुकडा किंचित वेगळा येतो. शिलाईत अर्धा इंच इकडेतिकडे चालवून घेतात. जीन्स तर शिवून झाल्यावर धुतात आणि प्रत्येक नग सारखाच आटतो असं नाही. त्यामुळे एकाच रॅकवरच्या, एकाच नंबरच्या दोन जीन्ससुद्धा घालून बघाव्यात. दुकानदार कुरकुरला तरी.

यात भर पडते मुद्दाम केलेल्या लबाडीची. मोठ्या मापाच्या कपड्यावर लहान आकडा लावला की गिऱ्हाईक खूश होतं. हेच व्हॅनिटी सायझिंग. याचा सगळ्यात ठळक नमुना अमेरिकेत दिसतो. तिथे रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी कृषी खात्यासाठी सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली आणि १९४१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं हिशेबात धरलीच नव्हती, हेही तेव्हाचंच. पुढे टपालाने कपडे विकणाऱ्या कंपन्या परत येणाऱ्या मालाने वैतागल्या, त्यांनी प्रमाण मापांची मागणी लावून धरली आणि १९५८ मध्ये सरकारी तक्ता आला. त्यात ८ नंबर म्हणजे छाती ३१ इंच, कंबर साडेतेवीस. १९७० मध्ये तो ऐच्छिक झाला, १९८३ मध्ये मागेच घेतला. १९९५ च्या खाजगी प्रमाणात त्याच ८ नंबरची छाती ३५ आणि कंबर २७ झाली होती. पुरुषांनी हसू नये. एस्क्वायर मासिकाने २०१० मध्ये दुकानातल्या पँटी टेपने मोजल्या, तर ३६ लिहिलेल्या एका पँटची कंबर ४१ इंच भरली.

आपल्याकडे असा सर्वमान्य तक्ता कधी रुळलाच नाही. ब्रँड ब्रिटिश-अमेरिकन तक्ते थोडेफार फिरवून वापरत आले. म्हणून निफ्ट या सरकारी फॅशन शिक्षणसंस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळावर मुंबईसह सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांहून अधिक लोकांची मापं स्कॅनरने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. पण असा तक्ता आला तरी कपाटातले आणि बाजारातले कपडे एका दिवसात सुधारणार नाहीत. तोवर आपल्या हातात एक जुनी युक्ती आहे. ब्लाउज शिवायला टाकताना आपण टेलरपुढे जुना, नीट बसणारा ब्लाउज ठेवतो: ‘हा मापाचा.’ रेडीमेडलाही तेच करायचं.

१. टेप तपासा

घरातला शिवणाचा टेप वर्षानुवर्षं वापरून ताणलेला असतो, कधी टोकाची पत्री निघालेली असते. स्टीलच्या फूटपट्टीला लावून बघा. फरक दिसला तर नवा आणा, वीस-तीस रुपयांचं काम आहे.

२. अंगाची मापं एकदा नीट घ्या

पातळ कपड्यांवर, आरशासमोर, जमल्यास दुसऱ्या कुणाकडून. छाती सर्वात भरलेल्या जागी. टेप पाठीमागे खाली घसरत नाही ना हे बघायचं, बहुतेक चुका तिथेच होतात. कंबर दोन ठिकाणी मोजा: एक बेंबीच्या वर, जिथे अंग सर्वात बारीक असतं, आणि दुसरी जिथे तुम्ही प्रत्यक्षात पँट बांधता तिथे. या दोन्हींत तीन-चार इंचांचा फरक सहज निघतो. सीट सर्वात रुंद जागी. खांदा पाठीमागून, हाडापासून हाडापर्यंत. पोट आत ओढू नका, टेप कोण बघतंय?

इंच आणि सेंटिमीटर दोन्ही लिहून ठेवा. इंचाला २.५४ ने गुणायचं; ३८ इंच म्हणजे साधारण साडेशहाण्णव सेंटिमीटर.

३. मापाचा कपडा मोजा

ही पायरी वगळू नका, बाकी काही नाही केलं तरी चालेल. कपाटातला सर्वात छान बसणारा एकेक कपडा काढा: एक कुर्ती किंवा शर्ट, एक टी-शर्ट, एक पँट. बरेच दिवस धुवून वापरलेला असेल तर उत्तम, कारण तो आटायचा तेवढा आटून झालेला असतो. लेबलावर काय लिहिलंय ते बघूच नका.

शर्ट किंवा कुर्ती बटणं लावून टेबलावर किंवा लादीवर पालथी घाला, हाताने सुरकुत्या सारखा, पण कापड ओढू नका. एका काखेच्या शिलाईखाली इंचभर अंतरावरून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवं मोजा आणि दुप्पट करा. हा झाला छातीचा तयार घेर. मग खांद्याच्या शिलाईपासून शिलाईपर्यंत, बाहीची लांबी, मुंढा (काखेपासून खांद्यापर्यंत सरळ) आणि मागच्या कॉलरच्या मुळापासून खालपर्यंत उंची. कुर्तीला सीटचा घेरही घ्या, काखेला बसणारी कुर्ती तिथे अडकते हा नेहमीचा अनुभव.

पँटचं बटण लावून पुढचा आणि मागचा पट्टा एकावर एक जुळवा, मग मोजून दुप्पट करा. नुसती आडवी टाकून मोजली तर पुढचा पट्टा खाली झोळतो आणि माप चुकतं. मग आसन, म्हणजे पायांच्या मधल्या शिलाईपासून वर पट्ट्यापर्यंत. मांडी आसनाखाली इंचभर अंतरावर, पायाची आतली लांबी आणि मोहरी, म्हणजे पायाच्या खालच्या टोकाची रुंदी. पँट ‘कंबरेला येते पण बसताना त्रास देते’ याचं कारण दहातल्या आठ वेळा आसनात असतं, आणि लेबलावर आसन कधीच नसतं.

सगळं फोनमध्ये एका नोंदीत ठेवा.

४. तक्ता वाचताना आधी एकच गोष्ट शोधा

तो तक्ता अंगाचा आहे की कपड्याचा? ऑनलाइन दुकानांवर ‘टू फिट बस्ट’ किंवा ‘बॉडी मेजरमेंट’ लिहिलेलं असतं ते अंगाचं माप, ‘गार्मेंट मेजरमेंट’ म्हणजे तयार कपड्याचं. दोन्हींत श्वास घ्यायला, हात उचलायला ठेवलेल्या सैलपणाचा फरक असतो. सुती कुर्तीत तो तीन-चार इंच, शर्टात चार-पाच, टी-शर्टात एक-दोन, ब्लाउजमध्ये जेमतेम इंचभर. लायक्रा असलेल्या जीन्समध्ये शून्य किंवा त्याहूनही कमी, कारण कापड ताणलं जातं.

समजा तुमची छाती ३८ आहे आणि मापाची कुर्ती सपाट साडेवीस, म्हणजे घेर ४१. पहिल्या दुकानाचा तक्ता म्हणतो: एम, टू फिट ३८, गार्मेंट ४१. एम घ्या, प्रश्न मिटला. दुसरं दुकान म्हणतं एम ३८, एल ४०, एक्सएल ४२, आणि खाली बारीक अक्षरात ‘गार्मेंट मेजरमेंट’. इथली एम अंगाला चिकटेल. ४१ मधोमध पडतं, म्हणून कापड आटणारं असेल तर एक्सएल, ताणणारं असेल तर एल. बाई तीच, कुर्तीही तशीच. एकीकडे एम, दुसरीकडे एक्सएल. त्या एक्सचं वाईट वाटून घेऊन एल मागवणाऱ्या पुष्कळ जणी असतात, आणि आठवड्याने पार्सल परत जातं.

तक्ता कुठला हे कळतच नसेल तर विक्रेत्याला ‘एमची सपाट छाती किती?’ असं विचारा. गिऱ्हाइकांची मतं वाचताना ‘छान आहे’ सोडून द्या. उंची-वजन सांगून कुठली साइज घेतली हे लिहिणारी दोन मतं शोधा.

५. टॅगवरचे सेंटिमीटर बघा

वैधमापन नियमांत २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार दुकानात सुट्या विकल्या जाणाऱ्या कपड्यावर एस, एम, एल च्या जोडीला मेट्रिक मापही द्यावं लागतं. टॅगवर किमतीजवळ बारीक अक्षरात ‘९६ सेंमी’ असं काहीतरी सापडतं. तेवढंच वाचा.

फॅशन स्ट्रीटवर किंवा रस्त्यावर मिळणाऱ्या एक्स्पोर्ट सरप्लसमध्ये, म्हणजे निर्यातीतून उरलेल्या मालात, ही सोय नाही. लेबल कापलेलं असतं किंवा परदेशी असतं. एकच फ्रॉक जर्मनीत ३६, फ्रान्समध्ये ३८ आणि इटलीत ४२ असतो. ब्रिटनचा १२ अमेरिकेत साधारण ८ होतो. इथे टेप पर्समध्ये हवाच. विक्रेत्याला त्याचं काही वाटत नाही, ठेल्यावर कपडा आडवा टाकून सपाट मोजा. नातेवाईक परदेशातून कपडे आणणार असतील तर त्यांनाही आकडा न सांगता सेंटिमीटर सांगा. लहान मुलांसाठी तर वय नकोच, उंची सांगा. युरोपातल्या मुलांच्या कपड्यांवरचे १०४, ११०, ११६ हे सरळ उंचीचे सेंटिमीटर असतात, आणि मला तरी सगळ्या पद्धतींत ही एकच शहाणी वाटते.

६. कापड किती आटेल?

सुती आणि रेयॉन पहिल्या काही धुण्यांत तीन ते पाच टक्के आटू शकतं. ४४ इंच उंचीची कुर्ती पाच टक्के आटली तर दोन इंचांहून जास्त वर जाते, म्हणजे गुडघ्याखालची गुडघ्यावर येते. पॉलिएस्टर फारसं आटत नाही. रेयॉनची कुर्ती अगदी मापात आली तर मी ती घेत नाही.

७. ट्रायल रूममध्ये उभं राहून दाद देऊ नका

दोन साइज घेऊन आत जा. हात वर करा, पुढे वाका, खाली बसा. दोन्ही हात समोर मिठी मारल्यासारखे जोडले की पाठ ताणते का ते कळतं. स्कूटर चालवणाऱ्यांनी हे करावंच. खांद्याची शिलाई हाडावर आहे का ते बघा. बटणांच्या मध्ये फट दिसत असेल तर ‘वापरून सैल होईल’ यावर विश्वास ठेवू नका.

ऑनलाइन आलेला कपडा असाच घालून बघा, टॅग तसाच ठेवून. मागवण्याआधी परतीचे नियम वाचा. आतले कपडे बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत.

८. अल्टर होईल तेच घ्या

खांदा, मुंढा आणि आसन हे तीन सोडून बाकी जवळपास सगळं टेलर सुधारू शकतो. बाजू दाबता येतात, उंची कमी करता येते, पँटची कंबर इंच-दीड इंच आत घेता येते. खांदा उतरवायचा तर बाही उसवून पुन्हा बसवावी लागते, आणि त्या पैशात कधीकधी नवी कुर्ती येते. म्हणून साइज खांद्यावरून ठरवा. बाकी ठिकाणी थोडी मोठी चालेल.

कपडा सैल करून घ्यायचा विचार असेल तर घेण्याआधीच उलटा करा. रेडीमेड ब्लाउजमध्ये बाजूच्या शिलाईपलीकडे इंचभर मार्जिन सोडलेलं दिसतं, कधी आधीच मारलेल्या दोन-तीन समांतर टिपा. कुर्तीत मात्र बरेचदा शिलाईला लागूनच ओव्हरलॉक (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मारलेली शिलाई) असतं, म्हणजे उसवायला काही शिल्लक नाही. जुना कपडा सैल करणार असाल तर आणखी एक: बाहेरचं कापड विटलेलं आणि आतलं नवंकोरं असल्याने उसवल्यावर गडद पट्टा दिसतो, शिवाय सुईची भोकं. गडद रंगात हे जास्त खटकतं.

टेलरकडे देताना मापाचा कपडा बरोबर न्या आणि ‘थोडं दाबा’ म्हणण्याऐवजी ‘दोन्ही बाजूंनी पाऊण इंच’ असं सांगा. जास्तीचं कापड कापू नका, आत दुमडून टिप मारा, हेही आधीच सांगायचं; कात्री चालल्यावर सांगून उपयोग नसतो.