वेस्टर्न ब्लॉट लावण्यापूर्वीची तयारी

वेस्टर्न ब्लॉट म्हणजे नमुन्यातील प्रथिने जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवणे आणि त्यांतले हवे ते प्रथिन त्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने शोधणे. त्याची तयारी बहुतेक जण जेल ओतण्यापासून सुरू करतात, पण माझ्या मते ती अँटिबॉडीच्या माहितीपत्रकापासून सुरू व्हावी. ती अँटिबॉडी वेस्टर्न ब्लॉटसाठी तपासलेली आहे का, आणि आपला नमुना ज्या प्राण्याचा आहे त्याच्या प्रथिनाला ती चिकटते का, हे आधी वाचावे. या पद्धतीत एसडीएस हा डिटर्जंट आणि उष्णता यांमुळे प्रथिनाची घडी उलगडते. त्यामुळे घडीचा आकार ओळखणारी अँटिबॉडी एलायझा या दुसऱ्या अँटिबॉडी-चाचणीत उत्तम चालली, तरी इथे तिला काहीच न दिसण्याची शक्यता असते. अँटिबॉडी कोणत्या प्राण्यात तयार केली आहे, हेही त्याच वेळी टिपून घ्यावे, कारण दुय्यम अँटिबॉडी (पहिल्या, म्हणजे प्राथमिक अँटिबॉडीला चिकटून ती कुठे आहे ते दाखवणारी) त्यावरूनच ठरते. उंदराच्या ऊतीवर उंदरातच तयार केलेली अँटिबॉडी वापरल्यास ऊतीतील मूळ इम्युनोग्लोब्युलिनही (उंदराची स्वतःची अँटिबॉडीही) दुय्यम अँटिबॉडीला सापडते आणि ५० व २५ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचे एकक) आसपास भलतेच पट्टे उमटतात; अशा वेळी सशात तयार केलेली अँटिबॉडी मागवणे सोयीचे. कुपी हातात आली की माहितीपत्रकात सांगितलेल्या तापमानाला ठेवावी. गोठवायची असल्यास आधी लहान भाग करावेत, कारण पुन्हा पुन्हा गोठवण्या-वितळवण्याने ती निकामी होत जाते.

त्यानंतर नियंत्रण नमुने जमवावेत. ज्यात ते प्रथिन नक्की असते असा एक नमुना आणि ज्यात ते नक्की नसते असा दुसरा, शक्यतो त्याचे जनुक काढून टाकलेल्या पेशींचा, हाताशी असल्याशिवाय पट्टा दिसला म्हणजे प्रथिन सापडले असे म्हणता येत नाही. जेलच्या प्रत्येक लेनमध्ये (एका नमुन्याच्या रांगेत) सारखे प्रथिन भरले गेले का, हे पाहण्यासाठी जवळपास सर्व पेशींत असणारे प्रथिन, म्हणजे बीटा-ॲक्टिन (सुमारे ४२ किलोडाल्टन) किंवा जीएपीडीएच (सुमारे ३७) निवडतात. आपले प्रथिन वजनाने त्यांच्या जवळ येत असेल, किंवा प्रयोगातील औषधामुळेच त्यांचे प्रमाण बदलत असेल, तर दुसरे प्रथिन शोधावे.

नमुन्यांसाठी पेशी फोडणारा लायसिस बफर बर्फावर थंड करून ठेवावा आणि प्रथिने तोडणाऱ्या विकरांना अडवणारी प्रोटिएज रोधके त्यात ऐन वेळी मिसळावीत. त्यांपैकी पीएमएसएफ पाण्यात फार काळ टिकत नाही, म्हणून आदल्या रात्री मिसळून ठेवण्यात अर्थ नाही. फॉस्फेट जोडलेले प्रथिन पाहायचे असल्यास फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकरांना अडवणारी फॉस्फेटेज रोधकेही लागतात. प्रथिनाचे प्रमाण मोजताना बफरमध्ये काय आहे ते आठवावे: डिटर्जंट जास्त असल्यास ब्रॅडफर्ड चाचणी फसते, तर मर्कॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी ही क्षपणकारके असल्यास बीसीए चाचणी. म्हणूनच मोजणी जेलमध्ये भरण्यासाठीचा नमुना-बफर (त्यात एसडीएस आणि ही क्षपणकारके असतात) मिसळण्यापूर्वी करावी, सर्व नमुने एकाच तीव्रतेवर आणावेत आणि प्रत्येक लेनमध्ये २० ते ३० मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करावी. नमुना ९५ अंशांना पाच मिनिटे तापवण्याची रीत सर्वत्र आहे. मात्र पेशीपटलातील अनेक प्रथिने उकळल्यावर गोळा होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतात, त्यांना कमी तापमान द्यावे.

जेलसाठी १० ते १२ टक्के ॲक्रिलामाइड बहुतेकदा पुरते. २० किलोडाल्टनखालच्या प्रथिनांना १५ टक्के आणि ०.२ मायक्रॉन छिद्रांचा मेम्ब्रेन लागतो. जेल घट्ट करणाऱ्या एपीएसचे द्रावण ताजे असावे. विदर्भातल्या मे महिन्यात जेल हातातच घट्ट होऊ लागते, म्हणून काचा आणि नमुन्यांसाठी खाचा पाडणारा कंगवा आधी मांडून ठेवावा. पीव्हीडीएफ या प्लास्टिकचा मेम्ब्रेन असेल, तर मिथेनॉलची बाटली जवळ हवी, कारण त्यात भिजवल्याशिवाय त्या मेम्ब्रेनमध्ये पाणी शिरत नाही. प्रथिने मेम्ब्रेनवर उतरवताना लागणारा ट्रान्सफर बफर आदल्या दिवशीच शीतकपाटात ठेवावा, आणि जेल व मेम्ब्रेनमधले बुडबुडे काढण्यासाठी रूळ विसरू नये. जिथे बुडबुडा राहतो, तिथे प्रथिन पोहोचत नाही. पुढे जाण्यापूर्वी ते पोहोचले का, हे पाहायला प्रथिने रंगवणारा पॉन्सो रंग तयार असावा.

ब्लॉकिंगसाठी, म्हणजे मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाकून अँटिबॉडी तिथे चिकटू नये यासाठी, ५ टक्के मलईविरहित दूध पावडर स्वस्त आणि चांगली आहे. पण दुधातील केसिन स्वतःच फॉस्फेटयुक्त प्रथिन असल्याने फॉस्फेट ओळखणाऱ्या अँटिबॉडीसाठी बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन) घ्यावे, आणि दुधात बायोटिन असल्याने बायोटिनला चिकटणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या पद्धतीतही दूध टाळावे. आणखी एक गोष्ट ठळक लिहून बाटल्यांवर चिकटवावी: सोडियम अझाइड हे परिरक्षक दुय्यम अँटिबॉडीला जोडलेल्या, प्रकाश निर्माण करणाऱ्या एचआरपी या विकराला बंद पाडते. प्राथमिक अँटिबॉडी टिकवायला ते चालते, पण त्यानंतर मेम्ब्रेन नीट धुवावा लागतो आणि दुय्यम अँटिबॉडीच्या द्रावणात त्याचा थेंबही नसावा. कोऱ्या मेम्ब्रेनचे कारण शोधताना मी हीच बाटली सर्वांत आधी पाहतो.

केवळ ओळख नव्हे, तर मोजमापही करायचे असेल, तर एकाच नमुन्याच्या ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅमच्या लेनांचा स्वतंत्र ब्लॉट आधी लावावा. प्रथिन दुप्पट केल्यावर प्रकाशही दुप्पट होतो, त्याच मर्यादेतले आकडे वापरण्याजोगे असतात. संपृक्त, काळाकुट्ट पट्टा दिसायला देखणा असला, तरी त्यातून दुप्पट आणि चौपट यांतला फरक कळत नाही. म्हणून कॅमेऱ्यावर कमी-अधिक वेळेची अनेक छायाचित्रे घेण्याची योजना ठेवावी, लेनांचा क्रम वहीत आधी लिहावा आणि मेम्ब्रेनचा एक कोपरा कापून घ्यावा, म्हणजे तो उलटा ठेवला गेला तरी मार्करची (ज्ञात वजनांच्या प्रथिनांच्या लेनची) बाजू ओळखता येते.